जुना पाइप भंगारात टाकू नका
जुन्या स्पोर्ट्स कारच्या एक्झॉस्टबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं एक्झॉस्टचीच, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइप आणि सायलेन्सरचीच निघाली, म्हणून या वेळी दुसरा विषय घेतलेला नाही. ज्यांनी गाडीचं मॉडेल आणि वर्ष कळवलं, त्यांना नेमकं उत्तर देता आलं. नुसतं 'माझ्या जुन्या गाडीला ओरिजिनल सायलेन्सर हवाय' असं लिहिलेल्यांनी कृपया पुन्हा लिहावं.

प्रश्न: माझ्याकडे १९७२ ची एमजीबी आहे. पूर्ण एक्झॉस्ट बदलायचा आहे. शोधलं तर चार प्रकारचे सेट दिसतात आणि चारहींवर 'ओरिजिनल' लिहिलंय. खरा कोणता?

'ओरिजिनल' हा शब्द विकणारे सढळ हाताने वापरतात. त्याचे निदान चार अर्थ होतात. पहिला म्हणजे त्या काळात बनलेला आणि कधीच न वापरलेला जुना साठा. दुसरा, कारखान्याला माल पुरवणाऱ्यानेच नंतर बनवलेला. तिसरा, जुन्या नमुन्यावरून आज बनवलेली प्रतिकृती. चौथा म्हणजे 'त्या गाडीला बसतो' एवढाच. तुम्हाला बहुधा तिसरा मिळेल, आणि चांगल्या हातचा असेल तर त्यात कमीपणा नाही.

पार्ट नंबर विचारा. जीईएक्स या अक्षरांनी सुरू होणारे नंबर एमजीबी बनवणाऱ्या ब्रिटिश लेलँडच्या काळातल्या, युनिपार्ट नावाच्या सुट्या भागांच्या यादीतले आहेत, आणि आजही बरेच विक्रेते तेच वापरतात. पण तो नंबर 'हा भाग अमुक भागाच्या जागी बसतो' एवढंच सांगतो. पत्रा किती जाड आहे, आत काय भरलंय, ते त्यावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट, गाडी १९७२ ची असली तरी तिच्याखाली आज जे आहे ते १९७२ चंच असेल असं धरून चालू नका. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली. १९७४ च्या शेवटी रबरी बंपर आले, गाडीची उंची वाढली. अमेरिकेसाठीच्या १९७५ नंतरच्या गाड्यांना दोन एसयू कार्ब्युरेटरऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग आला आणि त्याबरोबर मॅनिफोल्डही, म्हणजे इंजिनातून निघणारा धूर गोळा करणारा ओतीव भागही बदलला. पन्नास वर्षांत कुणी ना कुणी काहीतरी अदलाबदल केलेली असतेच. आधी गाडीखाली जा, मॅनिफोल्ड बघा, मग सेट मागवा.

आणि माप घेताना पाइपचा बाहेरचा व्यास घ्या. ब्रिटिश गाड्यांचे पाइप इंचांत असतात. पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५ मिमी. हाताशी ४५ मिमीचा पाइप आहे म्हणून तो चालवून घेऊ म्हणाल, तर त्या अर्ध्या मिलिमीटरपायी एक सांधा आत शिरणार नाही आणि दुसरा, क्लँप कितीही आवळला तरी, फुसफुसत राहील.

मॅनिफोल्डपासून खाली येणाऱ्या डाउनपाइपचे पितळी नट मात्र नवे आणि पितळीच घ्या. लोखंडी नट गरम-थंड होऊन स्टडला, म्हणजे तो ज्यावर बसतो त्या आट्यांच्या दांडीला, असा चिकटतो की पुढच्या खेपेला स्टडच तुटून हातात येतो.

प्रश्न: स्टेनलेसचा सेट घातला तर आवाज बदलतो का?

बदलतो, थोडा. स्टेनलेसचे सेट बऱ्याचदा पातळ पत्र्याचे असतात आणि एकेरी कवचाचे. त्यामुळे आवाजात डब्यासारखी किणकिण येते. पण सगळा दोष धातूला देऊ नका. आत पडदे आणि कप्पे असलेल्या सायलेन्सरच्या जागी सरळ जाळीदार नळीचा, आवाज शोषणारी लोकर भरलेला सायलेन्सर आला, तर तो कुठल्याही धातूचा असला तरी आवाज वेगळाच येणार. घेण्याआधी 'आतली रचना मूळसारखी आहे का' हे विचारा. 'माहीत नाही' असं उत्तर आलं तरी तुम्हाला हवं ते कळलं.

स्टेनलेस घालणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ३०४ जातीचं स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं. अडीच मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला, तर साधं पोलाद सुमारे ९ मिमी लांबतं आणि ३०४ जवळजवळ १३ मिमी. थंड गाडीवर टोक बंपरच्या कडेला अगदी घासून बसवलंत, तर गरम झाल्यावर ते ठोके देणारच. पाइप लटकवणारे रबर नवे घाला आणि हलायला जागा ठेवा.

प्रश्न: १९७३ ची पोर्शे ९११ टी घेतली. आधीच्या मालकाने हीट एक्सचेंजर बदललेले दिसतात, पण मूळ नमुन्याचा नवा सायलेन्सर मागवला तर तो कुठेच जुळत नाही. शिवाय हीटर लावला की गाडीत वास येतो.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य पहिलं हवं होतं. हीटर आजपासून बंद, आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडीही बाहेर काढू नका. या गाडीला पाण्याचा रेडिएटर नाही. इंजिनाचा पंखा हवा ढकलतो, ती हवा एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांभोवतीच्या कवचातून, म्हणजे हीट एक्सचेंजरमधून जाते आणि तीच तुमच्या पायाशी येते. आतली नळी गंजून भोक पडलं, की तुमच्या हवेत एक्झॉस्ट मिसळला. तुम्हाला येतो तो वास बाकीच्या वायूंचा आणि जळक्या तेलाचा. त्यातल्या जीवघेण्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही नसतो. शिवाय हीटरच्या झडपा बंद केल्या तरी जुन्या गाडीत त्या पूर्ण मिटतीलच असं नाही.

आता न जुळण्याचं. १९७४ पर्यंतच्या ९११ मध्ये दोन्ही बाजूंचे हीट एक्सचेंजर स्वतंत्रपणे मागच्या सायलेन्सरला येऊन मिळतात, म्हणजे सायलेन्सरला दोन तोंडं आत आणि एक बाहेर. १९७५ पासून रचना बदलली. एका बाजूचा एक्झॉस्ट आडव्या पाइपने दुसऱ्या बाजूला नेला आणि सायलेन्सरला आत जायला एकच तोंड उरलं. तुमच्या गाडीला बहुधा हे नंतरचे एक्सचेंजर बसवलेत, आणि तुम्ही मागवलात तो दोन तोंडांचा सायलेन्सर बरोबरच आहे. चूक त्याच्या पुढच्या भागात आहे.

गंमत अशी, की नंतरच्या ९११ चे मालक याच्या उलट वाटेने जातात. जुनी रचना मोकळा श्वास घेते म्हणून १९७४ च्या पद्धतीचे एक्सचेंजर शोधून बसवतात. त्यामुळे तुम्हाला हवे तेच भाग त्यांनाही हवे असतात आणि चांगले जुने लवकर संपतात. उलट फायदा असा, की त्याच मागणीमुळे ते आजही बनतात. एसएसआयचे स्टेनलेसचे एक्सचेंजर आणि डान्स्कचे सायलेन्सर ही नावं तुम्हाला वारंवार दिसतील. एक्सचेंजर मात्र मी स्टेनलेसचेच घ्या म्हणेन, जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांनी गुण कापले तरी. आतून गंजल्यावर जो भाग तुमच्या फुप्फुसांशी व्यवहार करतो, तिथे मूळपणाचा हट्ट नको.

पोर्शेचे पार्ट नंबर वाचायला सोपे असतात. पहिले तीन अंक तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी आखला ते सांगतात, ९११.१११ ने सुरू होणारे नंबर एक्झॉस्टचे, आणि शेवटचे दोन अंक बहुधा आवृत्तीचे. शेवटचे अंक वेगळे दिसले तर घाबरू नका, पण विचारून घ्या. काढताना बारा स्टड आहेत हे विसरू नका. आदल्या दिवसापासून तेल मारत राहा, नट लालसर तापवा, आणि जोर लावण्याआधी थांबा. हेडमध्ये तुटलेला स्टड काढायचा म्हणजे बहुधा इंजिन खाली घ्यावं लागतं.

प्रश्न: जॅग्वार ई-टाइप, सिरीज १, ४.२ लिटर. मॅनिफोल्डवरचं काळं चकचकीत आवरण उडालंय आणि मागच्या मॅनिफोल्डला केसाएवढी चीर आहे. नवे घ्यावेत की जुने दुरुस्त करावेत?

चीर फ्लँजपर्यंत, म्हणजे बोल्टने आवळायच्या सपाट कडेपर्यंत गेली नसेल तर दुरुस्त करा. मूळ ओतीव लोखंड शेकडो वेळा तापून-निवून आता स्थिरावलंय. मात्र हे काम ओतीव लोखंड जोडणाऱ्याकडेच द्या. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून ती थांबवायची, अख्खा भाग सावकाश तापवायचा, निकेलच्या रॉडने थोडंथोडं जोडायचं आणि तितक्याच सावकाश थंड होऊ द्यायचं. घाई केली की जोडाच्या शेजारी नवी चीर येते. मग फ्लँजचा पृष्ठभाग सपाट करून घ्या.

ते काळं आवरण रंगाचं नाही, काचेचं आहे. भट्टीत वितळवून चढवलेलं एनॅमल, आपल्या एनॅमलच्या भांड्यांसारखंच. ते पुन्हा चढवून देणारे आहेत. जोडकाम आधी आणि एनॅमल नंतर, हा क्रम उलटा झाला तर सगळं वाया. काळं सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, पण त्याला ती ओलसर चमक येत नाही. आणि इंजिनही नुकतंच बांधलं असेल तर पहिले काही तास दुसरे, जुने मॅनिफोल्ड लावून चालवा. ठिणगीचं टायमिंग थोडं मागे किंवा पेट्रोल-हवेचं मिश्रण थोडं पातळ असलं, की नवं एनॅमल पहिल्याच दिवशी टवके टाकतं. एका मित्राच्या गाडीवर हे मी उभा राहून पाहिलंय. तडतड असा आवाज येतो आणि कोणी काही बोलत नाही.

मागची टोकंही तपासा. सिरीज १ मध्ये दोन्ही टोकं मधोमध शेजारी-शेजारी असतात, सिरीज २ मध्ये नंबरप्लेटसाठी ती एकमेकांपासून दूर गेली. दोन्ही 'ई-टाइप ४.२' म्हणूनच विकली जातात.

प्रश्न: १९६६ ची कॉर्व्हेट, ३२७ इंजिन. मॅनिफोल्ड शोधतोय. 'डेट करेक्ट' म्हणजे काय?

कॉर्व्हेट बनवणाऱ्या शेवरलेच्या ओतीव भागांवर ओतल्याची तारीख असते. आधी महिन्याचं अक्षर, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. सी १५ ६ असेल तर १५ मार्च, ६ ने संपणारं वर्ष. ते १९६६ की १९७६ हे कास्टिंग नंबरवरून, म्हणजे भागावरच ओतलेल्या क्रमांकावरून ठरवायचं. ही तारीख इंजिन जुळवल्याच्या तारखेच्या आधीची, पण फार आधीची नाही, अशी असेल तर तो भाग 'डेट करेक्ट'. इंजिनानंतरची तारीख दिसली तर तो मॅनिफोल्ड दुसऱ्या गाडीचा.

मेंढ्याच्या शिंगांसारख्या या मॅनिफोल्डची तोंडं दोन मापांची येतात, दोन इंची आणि अडीच इंची. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून तोंडावर पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. आणि जुनं गॅस्केट कोरडं खरवडू नका. त्या काळच्या गॅस्केटमध्ये ऍस्बेस्टॉस असू शकतं, आधी ओलं करा आणि मास्क लावा.

प्रश्न: लॅन्शिया फुल्व्हिया कूपेचा मधला सायलेन्सर कुठेच मिळत नाही. स्थानिक कारागिराकडून बनवून घेता येईल का? जुना पूर्ण सडलाय, तो टाकून दिला तर चालेल ना?

नाही! तो सडका डबा म्हणजे तुमच्याकडचं एकमेव रेखाचित्र आहे. अशीच एक चूक मी स्वतः केली आहे. पाइप टाकून दिला आणि मग गाडीखाली आडवा पडून दोन दिवस तारेने वळणं मोजत बसलो.

गाडीवरून काढण्याआधी बाजूने आणि खालून फोटो काढा. काढल्यावर सपाट जमिनीवर ठेवून प्रत्येक वळणाचा कोन आणि टोकांमधलं अंतर लिहा. मग डबा लांबीच्या बाजूने ग्राइंडरने कापून उघडा, मास्क लावून. आधी गंजाचे पापुद्रे पडतील. मग दिसेल ती जाळीदार नळी. तिच्या भोकांचा व्यास, एका ओळीत किती भोकं, नळी कुठे संपते, पडदे किती आणि कुठल्या अंतरावर, हे सगळं मोजा. कवचाचा पत्रा एकेरी आहे की दुहेरी गुंडाळलेला तेही बघा. दुहेरी असेल तर तसाच हवा, नाहीतर डबा घुमतो. टोकांच्या झाकणांची कड बहुतेक दुमडून दाबलेली दिसेल. कारागीर तिथे वेल्डिंगची जाड रेघ मारून देईल. दुमडायचं यंत्र असलेला माणूस शोधलात तर काम मूळचं वाटेल.

पक्कं वेल्डिंग करण्याआधी नुसते टाके मारून गाडीवर बसवून बघायला सांगा. आणि जाड पाइप घालून 'पॉवर वाढेल' असा सल्ला कारागीर देईल, तो नम्रपणे नाकारा. व्यास वाढला की वायूंचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी आळसावते.

प्रश्न: गाडी महिन्यातून एकदाच, दहा मिनिटं चालवतो. तरी मागचा सायलेन्सर तीन वर्षांत गेला. माल खराब होता का?

माल कदाचित ठीकच होता. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. दहा मिनिटांत मागचा सायलेन्सर तापतच नाही, त्यामुळे ते पाणी आम्लासकट तिथेच साचतं आणि पत्रा आतून खातं. चालवायची तर अर्धा-पाऊण तास चालवा, नाहीतर सुरूच करू नका. नव्या सायलेन्सरच्या तळाला बारीक भोक दिसेल. ते पाणी जाण्यासाठी आहे. मागच्या वेळी तुमच्या मेकॅनिकने ते 'गळती' समजून बुजवलं होतं का, एवढं मात्र विचारा.