के२-१८बी ग्रहावर जीवसृष्टी सापडली, ही बातमी खरी आहे का?

नाही, सापडलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदींवरून १२४ प्रकाशवर्षं दूरच्या या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्याचं मांडलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या प्लवकांमुळे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, तयार होतो, म्हणून एवढा गाजावाजा. पण पुरावा तीन सिग्माचाच होता (सिग्मा म्हणजे खूण निव्वळ योगायोगाची नसल्याच्या खात्रीचं माप). शोध म्हणायला पाच लागतात. शिवाय हाच रेणू ६७पी धूमकेतूवरही आढळलाय, जिथे प्लवकांचा प्रश्नच येत नाही. मथळ्यांमधून 'कदाचित' गळून पडलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा ग्रह साधारण ३३ दिवसांतून एकदा ताऱ्यासमोरून सरकतो. तेव्हा त्याच्या वातावरणातून गाळून येणारा अंधुक प्रकाश, एवढंच आपल्या हाती लागतं.