सल्लागार मंडळ, मार्गदर्शक मंडळ की सल्लागार समिती?

विट्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची ना-नफा तत्त्वावरची छोटी नोंदणीकृत संस्था आहे, काम सगळं ऑनलाइन, लोक घरातल्या मोडी कागदांचे फोटो टाकतात आणि जाणकार मंडळी ते वाचून देवनागरीत लिहून देतात. आता बाहेरचे काही अभ्यासक सोबत घ्यायचेत, तर ॲडव्हायझरी बोर्डाला मराठीत काय म्हणायचं, आणि माणूस मंडळावर घेतात की मंडळात?

ताई, सरळ सल्लागार मंडळ म्हणा. मार्गदर्शक मंडळ मला तरी नको वाटतं, कारण आपल्याकडं पत्रिकेवर मार्गदर्शक म्हणून जी नावं छापतात ती मानाची असतात, त्यांनी काही काम करावं अशी कुणाची अपेक्षा नसते. सल्ला मात्र कुणीतरी मागायला लागतो, आणि घ्यायचा की नाही ते मागणाऱ्याच्या हातात राहतं. शब्द अरबीतनं आलाय, मसलत पण त्याच धातूतली आणि सुलह (म्हणजे तह, समेट) सुद्धा, म्हणजे सल्लामसलत म्हणताना आपण एकाच घरातले दोन शब्द शेजारी बसवतो, आणि त्या धातूच्या पोटात नीट करणं, जुळवून घेणं असा अर्थ आहे. हुकमाचा वास कुठंच नाही.

समिती म्हणायला हरकत नाही, पण समिती बहुतेक एखाद्या कामापुरती नेमतात, अहवाल दिला की संपली. (कायम राहणारी असेल तर मुद्दाम स्थायी समिती म्हणावं लागतं ते त्याचमुळं.)

आता खरी अडचण. आपल्या सांगली-साताऱ्याकडं मंडळ म्हटलं की कारखान्याचं नाहीतर बँकेचं संचालक मंडळच डोळ्यापुढं येतं, निवडून येणारं, ठराव करणारं. त्यामुळं तुमचे सदस्य सल्लागारांनाच मालक समजून बसतील, अमक्याची पोस्ट का काढली म्हणून जाब त्यांनाच विचारतील, आणि सल्लागारालाही हळूहळू वाटायला लागतं की आपण म्हणू तसंच व्हावं. हे टाळायला पाहिजे. संस्थेची जबाबदारी विश्वस्तांची, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंद असेल तर त्यांची नावं धर्मादाय कार्यालयात असतात आणि विश्वस्त बदलला की बदल अर्ज द्यावा लागतो. निव्वळ सल्ला देणाऱ्याचा या सगळ्याशी संबंध येत नाही. आणि रोजच्या रोज पोस्टी बघणारे, भांडणं मिटवणारे ते तिसरेच, मराठी विकिपीडियावर त्यांना प्रचालक म्हणतात, मला तो शब्द ॲडमिनपेक्षा फार आवडतो, तुम्ही पण वापरा.

विकिपीडियाचंच बघा ना. ती चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन २००३ मध्ये निघाली, निर्णय घेतं ते तिचं विश्वस्त मंडळ, आणि २००७ मध्ये त्यांनी वेगळं सल्लागार मंडळ केलं. त्यावर वॉर्ड कनिंगहॅमही होते, म्हणजे १९९५ मध्ये जगातली पहिली विकी साइट (वाचणाऱ्यालाच पान बदलता येतं अशी) ज्यांनी सुरू केली तेच, पण एवढ्या माणसालाही सल्लागार म्हणून विश्वस्तांच्या ठरावावर मतदानाचा हक्क नव्हता. उलट ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला ऑनलाइन नकाशा, त्याच्या फाउंडेशनच्या सल्लागार मंडळावर पैसे देणाऱ्या कंपन्यांचे आणि स्थानिक शाखांचे प्रतिनिधी बसतात, तिथं हेतू वेगळा, नकाशा वापरणाऱ्यांचं म्हणणं कानावर यावं पण नकाशा त्यांच्या ताब्यात जाऊ नये. नाव एकच, पण एकीकडं जाणकार आणि दुसरीकडं हितसंबंध असलेले लोक. तुम्हाला यातलं कुठलं पाहिजे ते आधी ठरवा, देणगीदाराला खूश करायला सल्लागार करणार असाल तर तसं उघड लिहा, लोकांना कळतंच.

आणि नुसत्या सल्ला या शब्दावर विसंबू नका. राज्यघटनेच्या कलम ७४ मध्ये मंत्रिमंडळानं राष्ट्रपतींना साहाय्य करायचं आणि सल्ला द्यायचा असंच आहे, पण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं त्या सल्ल्यानुसारच वागायचं असं स्पष्ट घातलं आणि सल्ला बंधनकारक झाला. शब्द तोच! म्हणजे वजन येतं ते पुढच्या वाक्यातनं, म्हणून नियमावलीत क्रियापदं जपून वापरा, सल्लागार मंडळ सुचवतं, मत देतं, तपासून देतं, पण ठरवतं, मंजूर करतं, काढून टाकतं ही तिथं येऊ देऊ नका.

आता मंडळावर की मंडळात, तर नेमणूक मंडळावर होते, समितीवर निवड होते तसंच. माणूस मंडळात आहे असंही बोलतात आणि ते चुकीचं नाही, पण पत्रात नेमणूक लिहिताना वर जास्त शोभतं.

नियमात साधारण असं टाका: "सल्लागार मंडळावरील नेमणूक विश्वस्त मंडळ दोन वर्षांसाठी करेल. सल्लागार मंडळ मागितल्यावर किंवा स्वतःहून लेखी मत देईल, ते मत सर्व सदस्यांना वाचता येईल. मत विश्वस्त मंडळावर बंधनकारक नसेल, मात्र ते न स्वीकारल्यास विश्वस्त मंडळ कारण लेखी देईल." शेवटचं वाक्य गाळू नका ताई, ते नसेल तर चांगला सल्लागार वर्षभरात बोलायचा बंद होतो.