गंज कापण्याआधी पाण्याची वाट शोधा

मागच्या अंकात मी वडिलांची जुनी व्हॅन घरच्या शेडमध्ये कशी उभी केली ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली घाई मी स्वतः केलेली आहे.

प्रश्न : ताई, आजोबांची १९६८ सालची व्हॅन अठरा वर्षं शेडमध्ये उभी आहे. सीट काढून रबरी चटई उचलली तर कडेच्या पत्र्यातून बोट आरपार गेलं. दोन्ही दारांखालच्या पोकळ पेट्याही सडल्या आहेत. मी वेल्डिंग मशीन आणलं आहे. दोन्ही बाजूंचा सडका पत्रा एकदाच कापून टाकायचा आणि मग निवांत नवा बसवायचा, असा विचार आहे. चालेल का?

नाही. ग्राइंडर तूर्त बाजूला ठेवा. त्याआधी दोन कामं आहेत.

पहिलं म्हणजे पाणी कुठून आलं ते शोधायचं. आमच्या व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेला होता. मी तो कापला, नवा जोडला, वर रंग दिला. पुढच्या पावसानंतर चटई उचलली तर नव्या रंगाखाली फोड आलेले. पाणी येत होतं पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून. तिथलं रबर आकसलं होतं. त्याखालून पाणी खांबाच्या पोकळीत शिरायचं आणि आतल्या आत उतरत थेट पायाशी जमायचं. गळती डोक्याच्या उंचीवर आणि गंज घोट्याशी! या दोघांचा काही संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. चांगला बसवलेला पत्रा मला पुन्हा कापावा लागला.

शोधायची रीत सोपी आहे. आतून सगळं कोरडं पुसून घ्या आणि सांध्यांवर खडूची पूड भुरभुरवा. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी सोडायचं. धार जोराची नको, नुसतं ओघळू द्या. सुरुवात खालून करा आणि एकेका जागी चार-पाच मिनिटं थांबत वर जा. आधी छतावर पाणी सोडलंत तर ते सगळीकडून ओघळणार आणि नेमकं कुठून शिरलं ते कळणारच नाही. काचेच्या रबराचे कोपरे, छताच्या कडेची पन्हळ आणि चाकाच्या कमानीमागे चिखल साठून राहतो ती खाच, या तीन जागा नीट पाहा. आणि दारांची खालची कड. दाराच्या काचेशेजारून थोडं पाणी आत जाणारच. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाला छिद्रं ठेवलेली असतात. ती मातीनं बुजली की दार खालून सडायला लागतं. एक तार घ्या आणि आजच ती मोकळी करा.

आता सांध्यांबद्दल. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो. दोन पत्रे स्पॉट वेल्डिंगनं, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी, जोडलेले असतात, तिथे आत धरलेला गंज फुगून पत्र्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. फट वाढते, फटीत आणखी पाणी धरून राहतं, आणखी गंज चढतो. म्हणून सांधा फुगलेला दिसला तर वरून घासून भागत नाही, तो उघडावाच लागतो. आणि कापायच्या जागेचा अंदाज डोळ्यांवर सोडू नका. बोथट स्क्रू-ड्रायव्हरनं इंच-इंच टोचत जा. टणक आवाज येईल तिथून पुढे आणखी दोन बोटं जा आणि मग खूण करा. रंगाखाली कुजलेला पत्रा टोचल्यावर पुठ्ठ्यासारखा दबतो. हाताला एकदा सवय झाली की फसगत होत नाही.

दुसरं काम आधाराचं. अशा बऱ्याच व्हॅनना वेगळी चेसिस नसते, सगळा भार बॉडीच पेलते. त्यात दाराखालच्या पेट्यांचा वाटा मोठा. फोक्सवॅगनच्या जुन्या टाइप टू व्हॅनचं उदाहरण घ्या. तिच्या या पेटीत एकामागे एक तीन पत्रे असतात. बाहेरून दिसतो तो पत्रा नुसतं आवरण, खरा जोर आतल्या दोघांचा. दोन्ही बाजूंच्या पेट्या एकदम कापल्यात तर गाडी मधोमध वाकेल. ती हळूच वाकते, आवाजही होत नाही. मी तर एकच बाजू कापली होती, पण गाडी नुसती पुढून-मागून उचलून ठेवलेली. नवी पेटी जोडून झाल्यावर दार लावायला गेले, तर एरवी बोटानं लोटलं तरी लागणारं दार कुलपाच्या जिभेपासून नऊ मिलिमीटर वर राहिलं. ते नऊ मिलिमीटर मी पट्टीनं मोजले आणि त्या दिवशी शेड बंद करून घरात आले. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचे सगळे टाके परत कापले.

तेव्हा गाडी चार मजबूत स्टँडवर एका पातळीत घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. दाराच्या चौकटीत लोखंडी चौकोनी पाइपची फुली मारून घ्या. दाराभोवतीची फट वर, मध्ये आणि खाली मोजून जागच्या जागी चिकटपट्टीवर लिहून ठेवा. मग एकच बाजू घ्या आणि तीही तुकड्या-तुकड्यानं. शेवटचे टाके मारण्याआधी दार टांगून, लावून बघा. हात अवघडतो, वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही.

वेल्डिंगबद्दल थोडंसं. जुना पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असतो. मिग मशीनला, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डिंग मशीनला, ०.६ मिलिमीटरची तार आणि आरगॉन-कार्बन डायऑक्साइडचा मिश्र गॅस लावा. सलग रेघ ओढू नका. एक टाका इथे, पुढचा पार दुसऱ्या टोकाला, मग मध्ये. आधीच्या टाक्याला हात लावता येईल इतका तो निवला की त्याच्या शेजारी पुढचा. घाई केली तर पत्रा तापून फुगतो, आणि मग दाबला की डबडब वाजत राहतो. व्हॅनच्या मोठ्या सपाट बाजूला ही भीती सगळ्यात जास्त. सिट्रोएननं १९४७ ते १९८१ या काळात एच व्हॅन काढली, तिच्या बाजू पन्हाळी पत्र्याच्या होत्या. त्या वळ्यांमुळे पातळ पत्राही ताठ राहतो. सपाट पत्र्याला तो आधार नाही, म्हणून जोड शक्यतो घडीजवळ किंवा कडेला घ्या.

बॅटरी सोडवून ठेवा. जस्ताचा लेप तापला तर त्याच्या धुरानं रात्री हुडहुडी भरून ताप येतो, म्हणून टाक्याच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा आणि शेड उघडी ठेवा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या पत्र्यावर तर वेल्डिंग करूच नका, त्यातून फॉस्जीनसारखा जीवघेणा वायू तयार होतो. आणि शेवटचा टाका मारल्यावर अर्धा तास शेडमध्येच बसा. ठिणगी जुन्या नमद्यात शिरली तर धुमसत राहते.

सगळं झालं, रंगही वाळला, की पेट्यांच्या पोकळीत पातळ मेण फवारा. हे काम रंगानंतरच, कारण मेणावर रंग धरत नाही. फवारून झाल्यावर तळाची छिद्रं पुन्हा तारेनं मोकळी करा.

प्रश्न : गंजावर लावलं की तो काळा पडून थांबतो, असं द्रव मिळतं. ते लावलं तर कापाकापी टळेल का?

पातळ, घट्ट बसलेल्या गंजापुरतं ते चांगलं काम करतं. त्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. टॅनिक आम्लानं गंजाचं निळसर काळं टॅनेट होतं, फॉस्फोरिक आम्लानं फॉस्फेटचा थर बसतो. पण सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशनं आधी काढलेच पाहिजेत, नाहीतर द्रव पापुद्र्यावरच वाळतं आणि खाली गंज चालू राहतो. गेलेला पत्रा त्यानं परत येत नाही, आणि सांध्याच्या आत ते पोचत नाही.

बिजागरं, कंस, नट-बोल्ट यांसाठी मला वीज जास्त आवडते. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घ्या, त्यात धुण्याचा सोडा विरघळवा. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या वस्तूला जोडा, धन तार भंगारातल्या साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टेनलेस स्टील मुळीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बादली उघड्यावर ठेवा, कारण हायड्रोजन निघतो, आणि चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. सकाळपर्यंत गंजाची काळी राख झालेली असते, ती ब्रशनं सुटते. वस्तू लगेच धुऊन, वाळवून तेल लावा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होते. स्प्रिंग मात्र या बादलीत टाकू नका. कडक पोलादात हायड्रोजन मुरला की ते ठिसूळ होतं.

प्रश्न : पेट्रोलच्या टाकीला टाचणीएवढं छिद्र आहे. टाकी वर्षभर रिकामी आहे. जागेवरच एक टाका मारू का?

मारू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा मिसळलेली असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास असली तरी ती पेट घेते, आणि गंजाच्या खपल्यांत मुरलेलं पेट्रोल वर्षानंतरही गरम झालं की वाफ सोडतं. टाकी काढून शेडच्या बाहेर न्या आणि टाक्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्या. गंजून छिद्र पडलं असेल तर आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला असणार. मी नवी टाकी घेतली असती.

प्रश्न : माझ्या यजमानांनी उत्साहानं सगळी व्हॅन सुटी केली. दोन वर्षं झाली, सामान खोक्यांत पडून आहे. आता ते शेडकडे फिरकतही नाहीत. मी काय करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अशी खोकी मी बऱ्याच शेडमध्ये पाहिली आहेत. माणसाला काम नकोसं झालेलं नसतं. सुरुवात कुठून करायची ते दिसत नसतं, म्हणून तो तिकडे जायचं टाळतो.

त्यांना पूर्ण गाडीबद्दल विचारू नका. एकच दार निवडा, शक्यतो मागचं. त्याचं बिजागर, कुलूप, काच, रबर एवढंच सगळ्या खोक्यांतून शोधून एका जुन्या चादरीवर मांडा. त्यांना सोबत घेतलंत तर उत्तम, नाहीतर तुम्ही एकट्या मांडा, त्यांच्या नजरेला पडेल. जे ओळखू येईल ते पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा. नुसतं 'स्क्रू' लिहून उपयोग नाही, 'मागचं दार, वरचं बिजागर, चार स्क्रू, लांब दोन खाली' असं लिहा. माझ्या वडिलांनी एका पत्र्याच्या डब्यावर असंच लिहून ठेवलं होतं. वीस वर्षांनी मी ते चार स्क्रू त्याच भोकांत, लांब दोन खाली, बसवले. मला कुणाला काही विचारावं लागलं नाही.

दार पूर्ण होऊन गाडीला लागलं की पुढे ब्रेक आणि चाकं घ्या, रंग आणि आतली सजावट नंतर. गाडी ढकलून शेडच्या दाराशी उजेडात आणता आली की पत्र्याचं पुढचं कामही सोपं होतं. ब्रेक उघडताना एक सांभाळा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ फुंकू किंवा झटकू नका. ती ओल्या फडक्यानं टिपा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका. मागचं दार लागलं की मला जरूर लिहा.