यंत्र-सल्ला : कंपनी बंद झाली, यंत्र दारात उभं

ह्या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत काळजी एकच आहे. ज्या कंपनीचं यंत्र घेतलं किंवा घ्यायचं आहे, ती कंपनी उद्या राहील का? नवं मॉडेल येणार म्हणतात, मग थांबावं का? पहिलं पत्र पुसदहून आलं असलं तरी त्यातलं यंत्र थेट बर्फातलं आहे. त्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या वावरातल्या यंत्रालाही लागू पडतात.

प्रश्न : माझा भाचा आयटीआय झालेला मेकॅनिक आहे. दोन हिवाळे झाले, तो गुलमर्गला बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करतो आणि पेरणीला गावी येतो. आता तिथली एक जुनी यामाहा स्नोमोबाईल भागीत घेऊन पर्यटकांसाठी चालवायची म्हणतो. पण यामाहाने ह्या गाड्या बनवणं सोडलं आणि आर्क्टिक कॅट नावाची कंपनीही विकली गेली, असं तोच सांगतो. पैसे मला द्यायचे आहेत. द्यावेत का?
— एक वाचक, ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : भाच्याने ऐकलं ते खरं आहे. यामाहा १९६८ पासून स्नोमोबाईल बनवत होती. २०२३ मध्ये तिने हा धंदा टप्प्याटप्प्याने सोडत असल्याचं जाहीर केलं. जपानमधली विक्री आधीच थांबली होती, युरोपात २०२४ ची मॉडेलं शेवटची ठरली आणि अमेरिका-कॅनडात २०२५ ची. आर्क्टिक कॅटचा कारखाना अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात थीफ रिव्हर फॉल्स इथे आहे. टेक्स्ट्रॉनने ती २०१७ मध्ये घेतली होती. बर्फ कमी पडला, डीलरांकडे जुना माल पडून राहिला, उत्पादन थांबलं आणि २०२५ मध्ये टेक्स्ट्रॉनने ती कॅनडातल्या अर्गो कंपनीच्या प्रमुखांच्या गटाला विकली. हीच कंपनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली होती आणि तेव्हाही पुन्हा उभी राहिली. एके काळी ह्या गाड्या बनवणारे शंभराहून जास्त होते. आता मोठे म्हणावे असे स्की-डूवाली बीआरपी आणि पोलारिस हे दोघेच, आणि सावरू पाहणारी आर्क्टिक कॅट.

एवढं वाचून घाबरू नका. गाडी थांबते ती न मिळणाऱ्या एखाद्या सुट्या भागामुळे. म्हणून आधी गाडी नेमकी कोणती आहे ते बघा. २०१४ च्या मॉडेलांपासून यामाहाच्या बऱ्याच स्नोमोबाईलचं इंजिन यामाहाचं, पण सांगाडा आर्क्टिक कॅटचा असे. अशा गाडीचा इंजिनाचा भाग यामाहाच्या नंबरावर शोधायचा आणि सस्पेन्शन, पट्टा (गाडी ज्यावर चालते तो रबरी ट्रॅक), स्की आर्क्टिक कॅटच्या नंबरावर. म्हणजे दोन्ही कंपन्यांच्या अडचणी एकाच गाडीच्या वाट्याला येतात. याउलट व्हीके ५४० हे ओझी ओढायचं साधं मॉडेल यामाहाचं स्वतःचं आहे. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पंख्याच्या हवेने थंड होणारं. ते वर्षानुवर्षं फारसं न बदलता बनत राहिलं, त्यामुळे एका गाडीचे बरेच भाग दुसरीला बसतात. पर्यटकाला हळू वेगाने फिरवून आणायचं असेल तर आमची पसंती ह्यालाच. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीचा रेडिएटर पट्ट्याच्या वर असतो आणि उडालेल्या बर्फानेच तो गार राहतो. कडक, तुडवलेल्या वाटेवर मोकळा बर्फ उडत नाही आणि इंजिन तापतं.

आता तपासणी. इंजिन थोडं गरम करून बंद करा. दोन्ही प्लग काढून त्यांच्या वायरी बॉडीला टेकवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजायचं मीटर) लावून काटा थांबेपर्यंत पाच-सहा वेळा दोरी ओढा. समुद्रसपाटीला चांगलं टू-स्ट्रोक इंजिन साधारण १२० पीएसआय दाखवतं. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाबच सपाटीच्या पाऊण भागाइतका, म्हणून तेच इंजिन नव्वदीच्या आसपास दाखवेल. तो आकडा बघून विकणाऱ्याशी वाद घालू नका. दोन्ही सिलिंडरांतला फरक बघा. तो १० टक्क्यांच्या वर गेला तर रिंगा किंवा गॅस्केट गेलं असं धरून किमतीतून कापा.

मग इंजिनाचा जोर पट्ट्यापर्यंत पोचवणारा बेल्ट. ही रचना भाच्याला गिअरलेस स्कूटरमुळे ठाऊक असेलच. दोन्ही पुल्यांच्या तबकड्या जवळ-लांब होतात, बेल्ट वर-खाली सरकतो. बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजा. नव्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर कमी भरली की बदलायचा. बेल्टवर एकाच जागी जळून पडलेली खाच दिसली तर समजा की पट्टा गोठलेला असताना कुणीतरी थ्रॉटल दिला आहे. रात्रभर उभ्या गाडीचा पट्टा बर्फाला चिकटतो. सकाळी मागचा भाग उचलून, झटकून तो मोकळा केल्याशिवाय इंजिनला जोर द्यायचा नाही, हे भागीदारालाही बजावून ठेवा. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्या खाली वाकून बघा. त्यांना वंगण म्हणून बर्फच लागतो. डांबरी रस्त्यावर दहा मिनिटं गाडी चालवली तरी त्या वितळायला लागतात. उंची साधारण १० मिलिमीटरवर आली की त्या संपल्या. रबरी पट्ट्याचे किती दात तुटले तेही मोजून कागदावर लिहा.

पैसे द्यायचेच ठरलं तर पहिल्याच वर्षी दोन बेल्ट, प्लास्टिकच्या पट्ट्यांची एक जोडी, पिस्टन-रिंगचा एक सेट, गॅस्केट सेट आणि दोरीचा स्टार्टर घेऊन ठेवा. हे सामान जमत नसेल, तर गाडी स्वस्त असली तरी सोडा. एप्रिलमध्ये भाचा गावी निघेल त्या आधी कार्ब्युरेटरचं पेट्रोल काढायचं, प्लगच्या भोकातून थोडं ऑईल सोडून दोरी दोनदा ओढायची, बेल्ट काढून ठेवायचा आणि सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालायचा. उंदीर तिथेच घर करतात.

नव्या मॉडेलचं म्हणाल तर ह्या धंद्यात पुढच्या हंगामाची गाडी फेब्रुवारी-मार्चात दाखवतात, तेव्हाच आगाऊ रक्कम घेतात आणि गाडी थंडीच्या तोंडावर देतात. कंपनी डळमळीत असताना असे पैसे सहा-आठ महिने अडकवू नयेत.

प्रश्न : आमच्याकडे २०१६ ची मल्टिक्स गाडी आहे. दूध, भाजी, माणसं, सगळं तिच्यातच जातं. कंपनी बंद झाली. आता पुढून खडखड आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, 'भाऊ, भंगारात टाका.' काय करावं?
— ता. कारंजा, जि. वाशिम

उत्तर : भंगारात टाकू नका. ही गाडी आयशर आणि त्याच पोलारिसने, म्हणजे वर आलेल्या स्नोमोबाईलवाल्या कंपनीने, मिळून जयपूरजवळच्या कारखान्यात बनवली. २०१५ मध्ये बाजारात आली, २०१८ मध्ये भागीदारी गुंडाळली गेली. कल्पना चांगली होती. गाडीच्या इंजिनावर ३ किलोवॅटपर्यंत वीज काढायची सोय तिच्यात होती.

इंजिन ५११ सीसीचं, एका सिलिंडरचं, ग्रीव्हज कंपनीचं आहे. ग्रीव्हजची इंजिनं तीनचाकी गाड्यांत वर्षानुवर्षं चालत आली, त्यामुळे नोझल, फिल्टर, रिंगा, गॅस्केट ह्यांच्यासाठी गाडीचं नाव सांगतच बसू नका. इंजिनावरच्या पट्टीचा फोटो काढा आणि ग्रीव्हजचा माल ठेवणाऱ्या दुकानात तो दाखवा.

खडखड बहुधा पुढच्या आर्मचे रबरी बुश किंवा बॉल जॉइंट गेल्याची आहे. गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. टकटक आली तर बॉल जॉइंट. पहार लावून आर्म हलवला आणि तो जागचा सरकला तर बुश. बुश कंपनीचा मिळणार नाही, पण लेथवाला तो करून देतो. जुना बुश फेकू नका. त्याचा बाहेरचा व्यास, आतल्या नळीचा व्यास आणि लांबी व्हर्नियरने मोजून द्या आणि पॉलियुरेथेनचा करायला सांगा. नायलॉनचाही चालतो, मात्र तो कडक असल्याने धक्के बॉडीत जातात आणि वेल्डिंग तडकतं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ऑईल सीलवर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ३५-५२-७ : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. त्या तीन आकड्यांवर कुठल्याही गावात सील मिळतं, गाडी कुणाची ते दुकानदार विचारतही नाही.

खरी अडचण हेडलाइट, मीटर, बॉडीचे प्लास्टिकचे भाग आणि वीज काढायच्या यंत्रणेत आहे. एखादी बंद पडलेली मल्टिक्स जवळपास असेल तर हे भाग आताच काढून आणा. तीन किलोवॅटवर ३ एचपीची मोटर चालवायचा मोह टाळा. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. १ एचपीपर्यंतच ठीक. आणि आरसी बघा, १५ वर्षं भरली की फिटनेस दाखवून नूतनीकरण लागतं. तुमच्या गाडीला अजून वेळ आहे.

प्रश्न : ४५ एचपीचा ट्रॅक्टर घ्यायचा आहे. डीलर म्हणतो, नवीन नियम लागला की ही मॉडेलं बंद आणि भाव लाखाने वर, आजच बुक करा. घाई करू का?
— ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : डीलर म्हणतो त्यातला नियम खरा आहे, घाई त्याची स्वतःची आहे. धुराचे ट्रेम-४ नियम ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. त्याखालच्या ट्रॅक्टरांच्या पुढच्या टप्प्याची तारीख आधीही लांबलेली आहे. तेव्हा तोंडी 'पुढच्या महिन्यात' वर विसंबून सही करू नका.

फरक मात्र समजून घ्या. जुन्या पद्धतीच्या पंपात नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडतं. तो पंप हिंगणघाट-वणीचा पंप-नोझलवाला मिस्त्री टेबलावर खोलून दुरुस्त करतो. नव्या सीआरडीआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या, इंजिनात दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो आणि इंजेक्टरातली फट इतकी बारीक, की डिझेलमधलं पाणी किंवा धूळ त्याला पुरेशी होते. आपल्याकडे डिझेल कॅनमध्ये आणून वावरात ओततात, तळाचा गाळही त्यात जातो. सीआरडीआय घेतला तर कॅन रात्रभर स्थिर ठेवायचा, वरचंच डिझेल गाळणीतून ओतायचं, तळाचे दोन बोटं सोडून द्यायचे. फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी दर ५० तासांनी काढायचं. बिघाड आला तर लॅपटॉप जोडणारा माणूस लागतो. तो तुमच्या गावापासून किती किलोमीटरवर आहे, हे बुकिंगच्या आधी विचारा. सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असेल तर डवरणी-फवारणीसारख्या हलक्या कामात तो भरत जातो, अधूनमधून इंजिन जोरात चालवून तो जाळावा लागतो.

नांगरणी, पेरणी आणि कापसाची वाहतूक एवढंच काम असेल तर जुन्या पंपाचं ४५ एचपी मॉडेल आज घेणं आम्हाला योग्य वाटतं. पण एखादं मॉडेल ह्याच वर्षी आलेलं असेल, तर एक खरीप जाऊ द्या. काळ्या जमिनीत ओल असताना क्लच आणि मागचा एक्सल कसा टिकतो, ते शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बघा.

प्रश्न : मॅसी ट्रॅक्टरचं नाव बंद होणार असं ऐकलं होतं. आमच्याकडे तोच आहे.
— ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : भारतात मॅसी बनवणारी टाफे आणि अमेरिकेची अॅग्को यांच्यात ह्या नावावरून वाद झाला होता. २०२५ मध्ये तो मिटला आणि भारतात मॅसी फर्ग्युसन हे नाव टाफेकडेच राहिलं. आयशरचा ट्रॅक्टर धंदाही टाफेने २००५ मध्ये घेतला, पंजाब ट्रॅक्टर्सचा स्वराज २००७ मध्ये महिंद्राकडे गेला. दोन्ही नावं आजही शेतात आहेत आणि भागही मिळतात.

प्रश्न : एचएमटी ३५११ स्वस्तात मिळतो आहे. धानाच्या चिखलणीला घेऊ का?
— ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : एचएमटीचं ट्रॅक्टर बनवणं २०१६ मध्ये बंद झालं, पण इंजिनाचे भाग अजून मिळतात. चिखलणीच्या ट्रॅक्टरला धोका मागच्या एक्सलच्या सीलचा. घेण्याआधी ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवायला लावा आणि सकाळी मागच्या हाउसिंगचा खालचा बोल्ट किंचित सैल करा. आधी पाणी आलं, किंवा ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर बेअरिंग आणि गिअर गंजलेले असू शकतात. ते खोलून दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. ऑईल स्वच्छ निघालं तर हायड्रॉलिकवर नांगर उचलून इंजिन बंद करा. दहा मिनिटांत नांगर वीतभर खाली आला, तर लिफ्टच्या सिलिंडरचे सील बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. केज व्हील (चिखलात चालायची लोखंडी चाकं) लावणार असाल तर दोन्ही बाजूंची नवी सील पहिल्याच दिवशी बसवून घ्या, जुनी चांगली दिसली तरी.