जंतनाशक बदलले, तरी जंत का जात नाहीत?

प्रश्न: एका कंपनीचे जंतनाशक लागू पडेना म्हणून शेळ्या-मेंढ्यांना दुसऱ्या कंपनीचे पाजले, मग तिसऱ्या. तरी करडे खंगतात, जबड्याखाली सूज येते. जंतांवर नवे औषध का निघत नाही?

उत्तर: शेतकरी बंधू-भगिनींनो, बाटलीवरचे मोठे नाव सोडा, खाली बारीक अक्षरांत दिलेले मूळ औषधाचे नाव वाचा. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही नावे दोन, पण दोन्ही औषधे जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन या एकाच प्रथिनावर काम करतात. त्या प्रथिनात 200 व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतली एक कडी) बदलले, की औषध तिथे नीट चिकटत नाही. असे जंत औषध पाजूनही जगतात, अंडी घालतात आणि पुढच्या पिढ्यांत त्यांचेच प्रमाण वाढत जाते. मग कंपनी कितीही बदला.

औषध खरोखर बदलायचे तर त्याचा मारा जंताच्या दुसऱ्या ठिकाणी व्हायला हवा. लेव्हामिसोल हे जंतनाशक जंताच्या स्नायूंवरच्या ग्राहकांना (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) सतत चेतवून त्याला आखडवते. 1981 मध्ये बाजारात आलेले आयव्हरमेक्टिन जंताच्या पेशींतले, ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाने उघडणारे क्लोराइडचे मार्ग उघडे ठेवते, त्यामुळे जंत लुळा पडतो. वापरात असलेली अशी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

नवे ठिकाण शोधणे अवघड आहे, कारण ते जंताच्या जिवासाठी आवश्यक हवे आणि जनावराच्या शरीरात ते नसावे, किंवा निदान पुरेसे वेगळे असावे. शिवाय शेळी-मेंढीच्या चौथ्या पोटात रक्त पिणारा हिमोंकस जंत प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवता येत नाही. त्याला यजमान, म्हणजे ज्याच्या पोटात तो वाढतो ते जनावर, लागते. म्हणून शास्त्रज्ञ सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या मातीतल्या सूक्ष्म कृमीवर काम करतात. तो तीन-चार दिवसांत अंड्यातून प्रौढ होतो. त्याचा जनुकीय आराखडा 1998 मध्ये, तर हिमोंकसचा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही ताडून पाहता येतात, एकेक जनुक बंद करून कृमी मरतो का तेही तपासता येते.

मोनेपँटेल या नव्या जंतनाशकाचा मारा नेमका कुठे होतो, ते या कृमीच्याच मदतीने सापडले. औषध देऊनही न मरणारे कृमी वेगळे काढले, त्यांच्यात कोणते जनुक बिघडले ते शोधले, आणि फक्त गोल कृमींमध्येच आढळणाऱ्या ग्राहकांचा एक गट हाती लागला. सस्तन प्राण्यांत हा गट नाही. मला हे काम फार मोलाचे वाटते. पण 2009 मध्ये न्यूझीलंडमध्ये विक्रीला आलेल्या या औषधाला दाद न देणारे जंत 2013 मध्ये तिथेच नोंदले गेले. नव्या औषधाची वाट पाहा, पण हाताशी असलेली औषधे तोवर जपून वापरली नाहीत तर नवेही फार काळ टिकणार नाही.

आधी औषध खरेच फसते आहे का, ते पाहा. औषध देण्यापूर्वी आणि नंतर साधारण 10 ते 14 दिवसांनी त्याच जनावरांच्या लेंड्या तपासून घ्या. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली असतील तर प्रतिकाराची शंका धरावी. मात्र त्याआधी डोस बरोबर होता ना, हे पाहा. अंदाजाने दिलेला अपुरा डोस जंतांना पोसतो. मेंढीचा डोस शेळीला तसाच लागू होत नाही, कारण शेळीच्या शरीरातून बरीच जंतनाशके लवकर बाहेर पडतात. पण म्हणून मनाने डोस वाढवू नका. लेव्हामिसोल जास्त झाले तर विषबाधा होते. डोस पशुवैद्यकांकडूनच ठरवून घ्या, गाभण जनावरांच्या बाबतीत तर नक्कीच.

सरसकट सगळ्या कळपाला पाजण्याची सवय सोडावी. डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकी पडलेली, खंगलेली जनावरे आधी निवडा. धडधाकट, तांबूस पापणीची मोठी जनावरे औषध न पाजता ठेवली, तर त्यांच्या पोटात औषधाला बळी पडणारे जंत शिल्लक राहतात आणि प्रतिकारक जंतांचे एकट्याचे राज्य होत नाही.

जबड्याखालची सूज यकृतातल्या चपट्या कृमीनेही येते. त्यावर आयव्हरमेक्टिन किंवा लेव्हामिसोल चालत नाही, म्हणून लेंडी तपासताना या कृमीची अंडीही पाहायला सांगा. नमुना जमिनीवरून उचलू नका. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून ताज्या लेंड्या घ्या, पिशवीतली हवा काढून तोंड बांधा आणि थंड जागी ठेवून लवकर पोहोचवा. उबेत अंडी फुटतात आणि मोजणी चुकते.