वाळवंट, वाळू आणि बर्फ

प्रश्न : बाई, मुलगा सेमी-इंग्रजीला सहावीत आहे. इंग्रजी वाचायची गोडी लागावी म्हणून त्याला जगाच्या भूगोलाचं चित्रांचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलंय की जगातलं सर्वांत मोठं डेझर्ट अंटार्क्टिका. वर्गात त्यानं हे सांगितलं तर सगळे हसले. त्याच्या बाई म्हणाल्या, "सहारा लिही." शब्दकोशात डेझर्ट म्हणजे वाळवंटच दिलंय. आता तो मला विचारतो, बर्फात वाळू कुठून आली? मी काय सांगू?
– एक आई, बार्शी

उत्तर : पोरगं बरोबर आहे, पुस्तकही बरोबर आहे. घोळ घातलाय तो आपल्या 'वाळवंट' या शब्दानं. तुम्ही बार्शीच्या, म्हणजे चंद्रभागेचं वाळवंट तुम्हाला मी सांगायला नको. तिथं वाळू आहे म्हणून ते वाळवंट, आणि नदी तर पायाशीच! आपला शब्द वाळू बघतो. इंग्रजी 'डेझर्ट'मध्ये वाळूचं नावही नाही. तो शब्द लॅटिनमधून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ सोडून दिलेलं, ओस पडलेलं. भूगोलवाले तर त्याहून रुक्ष. ते फक्त पाणी मोजतात. वर्षाला साधारण 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस किंवा हिम पडत असेल, तर ते डेझर्ट.

आता 250 मिलिमीटर म्हणजे किती, हे मुलाला तोंडी सांगू नका. तीस सेंटिमीटरची पट्टी बादलीत उभी धरा आणि 25 वर पेनानं खूण करा. वर्षभराचा पाऊस वाहिला नाही, मुरला नाही, वाळला नाही, तर इथपर्यंत येईल. मग त्याला सांगा की 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. डेझर्टची जवळजवळ चार वर्षांची शिदोरी चोवीस तासांत!

माझी बहुतेक नोकरी माण तालुक्यात झाली. उन्हाळ्यात टँकरमागं हंडे घेऊन पळणारी पोरं वर्गात हमखास विचारायची, "बाई, आपलं माण वाळवंट हाय का?" मी फळ्यावर दोन रेघा मारायची. माणचा पाऊस पाचशेच्या आसपास, म्हणजे डेझर्टच्या दुप्पट. आणि त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. ढग सह्याद्रीवर चढताना रिकामे होतात आणि आमच्याकडं येईपर्यंत त्यांच्यात फार काही उरत नाही. यालाच पर्जन्यछाया म्हणतात, इंग्रजीत 'रेन शॅडो'. माणच्या पोरांना हा शब्द कधी पाठ करावा लागला नाही.

अंटार्क्टिकाकडं येते. तिथल्या आतल्या पठारावर वर्षाला पडणारं हिम वितळवलं, तर जेमतेम पाच सेंटिमीटर पाणी होईल. कारण गार हवेत बाष्प फारसं मावतच नाही. तुमचा मुलगा लगेच विचारेल, मग एवढा बर्फ आला कुठून? गल्ल्यात रोज चाराणे टाकायचे आणि काढायचं कधीच नाही, असं लाखो वर्षं चाललंय. पडतं थोडं, पण वितळत नाही. त्या थराची जाडी सरासरी दोन किलोमीटरच्या घरात आहे. हा खंड पसरलाय जवळपास 1 कोटी 40 लाख चौरस किलोमीटरवर, सहारा 90 लाखांच्या आसपास. शिवाय सहारातही वाळूचे ढीग चौथाईच्या आसपासच. बाकी सगळे खडक, गोटे आणि उघडी पठारं. आणि 'सहारा' हा अरबी शब्दच मुळात वाळवंट या अर्थाचा. म्हणजे 'सहारा वाळवंट' म्हणताना आपण 'वाळवंट वाळवंट' म्हणतो. लिंबूशरबतासारखं गोड लागतं, म्हणून चालवून घेतो.

मुलाला आणखी एक गंमत दाखवा. 1989 पासून चालू असलेलं भारताचं 'मैत्री' हे केंद्र अंटार्क्टिकात जिथं उभं आहे, त्या जागेचं नाव शिर्माकर ओअॅसिस. ओअॅसिस म्हणजे मरूद्यान, खजूर नि उंट! तिथं खजूर नाही, उंट नाही. बर्फाच्या रानात उघडा पडलेला खडक आणि काही तळी, एवढंच. त्या गोठलेल्या वैराणात तेवढंही मरूद्यानच.

शाळेतल्या बाईंवर रागावू नका. मीसुद्धा पहिली काही वर्षं मुलांकडून 'सहारा'च लिहून घेतलंय. परीक्षेत 'हॉट डेझर्ट' असं विचारलं असेल, तर उत्तर सहाराच. 'हॉट' नसेल तर मुलानं अंटार्क्टिका लिहावं आणि शेजारी कंसात 250 मिलिमीटर टाकावं. आकडा बघितला की तपासणारा जरा थबकतो. आणि स्पेलिंगात 'एस' एकच. दोन झाले की ते जेवणानंतरचं गोड होतं. माझ्या एका विद्यार्थ्यानं त्या हिशेबानं राजस्थानात भलंमोठं श्रीखंड पसरवून ठेवलं होतं.

प्रश्न : हिंदीत 'बंगाल की खाडी', मराठीत बंगालचा उपसागर, इंग्रजीत 'बे'. मग आमची ठाण्याची खाडी पण बे का?
– इयत्ता सातवी, ठाणे

उत्तर : नाही रे बाळा. हिंदीवाल्यांच्या खाडीत अख्खा समुद्र मावतो, आपल्या खाडीत भरतीचं पाणी आत येतं तेवढंच. इंग्रजीत तिला 'क्रीक'. बे म्हणजे उपसागर, गल्फ म्हणजे आखात. बे लहान आणि गल्फ मोठं, असं पाठ करशील तर फसशील. कच्छचं आखात बंगालच्या उपसागरात कुठल्या कुठं हरवेल. नावं ठेवणाऱ्या दर्यावर्दींच्या हातात पट्टी नव्हती.

'क्रीक'चीही एक खोडी आहे. अमेरिकन पुस्तकात हा शब्द आला तर तो गोड्या पाण्याचा ओढा, आपल्याकडं आणि इंग्लंडात समुद्राचं खारं पाणी. तेव्हा आधी चित्र बघायचं. क्रीकच्या काठी अस्वल पाणी पीत असेल, तर ओढा. गुलाबी रोहित पक्षी एका पायावर उभे असतील, तर ते तुझं ठाणं असू शकतं.