स्ट्रोकनंतर सासरे ताटातलं अर्धंच जेवतात, डावीकडे बघतच नाहीत. हे मुद्दाम करतात की मेंदूमुळे होतं?

मुद्दाम करत नाहीत. एवढं आधी घरात सगळ्यांना सांगा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांच्या मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झाला. बोलणं, ओळखणं सगळं ठीक आहे, पण ताटातलं अर्धंच जेवतात, सासूबाई डावीकडून बोलल्या तर ढुंकूनही बघत नाहीत आणि डावा हात ‘माझा नाही’ म्हणतात. मी डॉक्टर नाही. पण हे सगळं मी चार वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलंय. तेव्हा आम्हीही त्यांच्यावर चिडलो होतो. ते अजून मनाला लागून राहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अण्णांना जेवताना चटणी लागतेच. दवाखान्यातून घरी आल्यावर आई नेहमीसारखं ताट वाढायची. उजवीकडे भाजी, आमटी आणि डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. अण्णा उजवी बाजू चाटूनपुसून संपवायचे आणि मग आईवरच रागवायचे, “आज चटणी केली नाहीस?” चटणी समोर असायची. भाताची मूदसुद्धा सुरीने कापल्यासारखी बरोबर अर्धी उरायची. आईला वाटायचं, आजारपणाचा राग माझ्यावर काढतायत. एक दिवस फिजिओथेरपिस्ट बाई नेमक्या जेवणाच्या वेळी आल्या. त्यांनी काही न बोलता ताट उचललं आणि डावी बाजू उजवीकडे येईल असं फिरवून ठेवलं. अण्णा म्हणाले, “हां, आता आणलीस होय चटणी!” आणि उरलेलं सगळं जेवले. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

याला डॉक्टर ‘निग्लेक्ट’ म्हणतात. शब्दाचा अर्थ दुर्लक्ष असला तरी यात माणूस दुर्लक्ष ‘करत’ नाही. डोळे शाबूत असतात, कान शाबूत असतात. बिघडलेलं असतं ते लक्ष. आपण एखाद्या बाजूला लक्ष देतो म्हणजे ती बाजू आहे, हे मेंदू आपल्यासाठी सतत धरून ठेवत असतो. हे काम मुख्यतः मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाकडे असतं, विशेषतः कानाच्या वर आणि मागे असलेल्या पॅरायटल भागाकडे. आता उजवीकडच्या स्ट्रोकमध्येच हे इतकं तीव्र का दिसतं? डावा मेंदू बहुतांशी उजव्या बाजूवरच लक्ष ठेवतो, पण उजवा मेंदू दोन्ही बाजूंवर ठेवतो. डाव्याला इजा झाली तर उजवा सांभाळून घेतो. उजव्याला झाली तर डाव्या बाजूला वालीच उरत नाही.

नुसती एका बाजूची दृष्टी गेलेल्या माणसाला आपल्याला तिकडचं दिसत नाही हे बहुतेक वेळा कळतं, मग तो मान वळवून बघायला शिकतो. निग्लेक्टमध्ये मान वळवावी हेच सुचत नाही. जी बाजू मनातच नाही, तिकडे वळणार कशासाठी?

‘मनातच नाही’ हे मी उगाच म्हणत नाही. 1978 साली बिझियाक आणि लुझाती या इटलीतल्या दोन संशोधकांनी मिलान शहरातल्या अशा दोन रुग्णांना डोळ्यांसमोर एक चित्र आणायला सांगितलं. तुम्ही शहरातल्या मोठ्या चर्चच्या चौकात, चर्चकडे तोंड करून उभे आहात, काय काय आहे ते सांगा. दोघांनी प्रामुख्याने उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग म्हटलं, आता चर्चच्या दारात उभं राहून चौकाकडे बघताय असं समजा. तेव्हा त्यांनी मघाशी गाळलेल्या इमारती सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या. म्हणजे आठवण पूर्ण शाबूत होती. आठवणीतल्या चित्राचीही डावी बाजू तेवढी हाती लागत नव्हती.

हे वाचून मी अण्णांना विचारलं, राममंदिराकडून एसटी स्टँडकडे चालत जाताना कोणकोणती दुकानं लागतात? त्यांनी पिठाची गिरणी, शिंप्याचं दुकान, औषधाचं दुकान सांगितलं. सगळी उजव्या हाताची. मग म्हटलं, आता स्टँडवरून मंदिराकडे परत या. किराणा, भांड्यांचं दुकान, सायकलवाला, अशी समोरच्या रांगेतली नावं भराभर आली. तीस वर्षं त्या रस्त्याने रोज गेलेला माणूस! त्या संध्याकाळनंतर मी त्यांच्यावर एकदाही आवाज चढवला नाही.

हाताचं सांगते. अण्णाही म्हणायचे, “हा कुणाचा हात ठेवलाय इथे? उचल.” अंगावर काटा यायचा. पण हेही याच आजारात दिसतं. आपल्याला झालेला आजार आपल्यालाच न कळणं, याला बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी 1914 मध्ये नाव दिलं, अ‍ॅनोसोग्नोसिया. यात वाद घालून उपयोग होत नाही. ‘तुमचाच आहे हो’ म्हणून हात ओढून दाखवला की ते फक्त घाबरतात किंवा चिडतात. आम्ही उजव्या हाताने डावा हात धरायला लावायचो, त्याला तेल चोळायला लावायचो. हळूहळू ‘तो हात’चा ‘माझा हात’ झाला.

आम्हाला उपयोगी पडलेल्या बाकीच्या गोष्टी अशा. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल चिकटपट्टी लावली. लाल दिसेपर्यंत मागे यायचं आणि मग ओळ वाचायला घ्यायची. त्याआधी ते प्रत्येक ओळ मधूनच वाचायचे आणि “काहीतरीच छापतात” म्हणून पेपर बाजूला टाकायचे. ताटाच्या डाव्या कडेलाही लाल खूण केली. ताट फिरवणं ही तात्पुरती सोय आहे, स्वतः शोधायची सवय लागणं महत्त्वाचं. तुमच्या गावात किंवा जवळ ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतील तर जरूर दाखवा, यासाठीचे व्यायाम ते नीट बसवून देतात. सुधारणा बहुधा पहिल्या काही महिन्यांतच जास्त होते, म्हणून वाट बघत बसू नका. काहींमध्ये थोडाफार दोष राहतो. अण्णांचा आजही राहिलाय. गर्दीत डावा खांदा लोकांना आपटतो.

दोन गोष्टींबाबत मात्र कडक राहा. त्यांना एकट्याने रस्ता ओलांडू देऊ नका, गाडी तर नाहीच नाही. आणि व्हीलचेअरवर असतील तर डावा हात मांडीवर आहे ना, हे दर वेळी बघा. आमच्याकडे तो चाकात अडकून सोलवटला होता आणि अण्णांना पत्ताच नव्हता.

आणखी एक, हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. उजव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये बोलणं बऱ्याचदा स्पष्ट राहतं आणि माणूस “मला काही झालेलं नाही” असं ठामपणे सांगतो. अण्णांनी तेच सांगितलं आणि आम्ही सकाळपर्यंत थांबलो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमची वेळ निघून गेली होती. हात-पाय लुळा वाटला, तोंड वाकडं दिसलं तर त्या माणसाच्या शब्दावर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

तुमच्या सासूबाईंना आजपासून उजवीकडे बसायला सांगा. दवाखान्यात माझी आई अकरा दिवस अण्णांच्या डाव्या हाताशी स्टुलावर बसून होती आणि अण्णा मला रोज विचारायचे, “तुझी आई कुठे गेली गं?” थेरपिस्ट बाईंनी सांगितल्यावर आम्ही घरी तिचं स्टूल पलंगाच्या उजवीकडे आणलं. मग दर चार-पाच दिवसांनी ते वीतभर डावीकडे सरकवत गेलो, आणि अण्णांची मान तिच्या आवाजामागे वळत गेली. स्टूल पूर्ण डाव्या बाजूला पोहोचायला अडीच महिने लागले.